मागील बाकी : ‘अ ख्रिसमस कॅरल’ ह्या कथेचा नैतिक बोध

आगमनकाळ सुरू झाला की आमच्या पुष्कळ मंडळ्यांत चार्ल्स डिकन्सच्या ‘अ ख्रिसमस कॅरल’ ह्या कथेची आठवण निघते. शब्बाथशाळेची मुले तिच्यावरून नाटिका बसवितात, तरुण संघात ती वाचली जाते, आणि नाताळच्या उपदेशात दाखला म्हणून पाळकही तिचा उपयोग करतात. तिचा बोध बहुधा एका वाक्यात उरकला जातो : एक कृपण मनुष्य उदार झाला, आपणही नाताळात उदार व्हावे. हा बोध खोटा आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु मूळ कथा त्याहून मोठी आहे, आणि ती लहान करून सांगण्यात आपलीच एक सोय दडलेली आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय. उदारतेचा उपदेश ऐकून कोणाची झोप उडत नाही. जुन्या देण्याचा विषय निघाला म्हणजे मात्र ऐकणारा व सांगणारा असे दोघेही अस्वस्थ होतात. आणि ही कथा नीट वाचली तर ती जुन्या देण्याची कथा आहे.

परीक्षणासाठी आम्ही लूककृत शुभवर्तमानातील दोन वृत्तांतांचा आधार घेणार आहोत : सोळाव्या अध्यायातील श्रीमंत मनुष्य व लाजर, आणि एकोणिसाव्या अध्यायातील जक्कय. मनुष्य कशाने पालटतो ह्याचा विचार पहिल्यावरून करता येतो. पालटलेल्या मनुष्याने काय करावयाचे ह्याचा विचार दुसऱ्यावरून. कल्पित कथेला धर्मविचारात इतके स्थान द्यावे काय, अशी शंका कोणी घेऊ नये. बेळगावात १८३१ साली जन्मलेल्या बाबा पदमनजींनी १८५७ मध्ये ‘यमुनापर्यटन’ लिहून विधवांची दुःखे कथारूपाने मराठी वाचकांपुढे ठेविली, हे आपण जाणतो. डिकन्सची कथा तिच्या १४ वर्षे आधीची आहे.

कथेचा काळ

‘अ ख्रिसमस कॅरल’ लंडन येथे १९ डिसेंबर १८४३ रोजी प्रसिद्ध झाली. पहिल्या आवृत्तीच्या ६,००० प्रती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत संपल्या. लेखकाचे वय तेव्हा ३१ वर्षांचे होते. १८२४ साली त्याचे वडील कर्जापायी मार्शलसी येथील तुरुंगात गेले आणि १२ वर्षांच्या चार्ल्सला बुटाच्या काळ्या पॉलिशच्या कारखान्यात डब्यांवर चिठ्ठ्या चिकटविण्याचे काम करावे लागले. ही आठवण त्याला जन्मभर पुरली.

१८४३ च्या आरंभी मुलांच्या मजुरीविषयीच्या सरकारी आयोगाचा दुसरा अहवाल बाहेर पडला. तो वाचून गरिबांच्या मुलांच्या वतीने एक पत्रक काढावे असे डिकन्सने ठरविले होते. तो बेत त्याने मागे ठेविला. सप्टेंबरात त्याने लंडनच्या फील्ड लेन भागातील अनाथ-दरिद्री मुलांची शाळा पाहिली, ऑक्टोबरात मँचेस्टर येथे शिक्षणाच्या बाजूने भाषण केले, आणि त्यानंतर सुमारे सहा आठवड्यांत ही कथा लिहून पुरी केली. म्हणजे तिचे बीज सणाच्या आनंदात नसून एका अहवालात आहे, हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

त्या काळच्या विचारसरणीचाही उल्लेख केला पाहिजे. लोकसंख्या अन्नापेक्षा वेगाने वाढते हा माल्थसचा सिद्धांत १७९८ पासून प्रचारात होता. १८३४ च्या नव्या दरिद्री-कायद्याने धडधाकट गरिबाला साहाय्य हवे असल्यास ‘वर्कहाउस’ नावाच्या दरिद्रगृहात जावे लागे, आणि तेथील जिणे मुद्दामच असह्य ठेविलेले असे. स्क्रूजच्या पेढीवर दोन गृहस्थ वर्गणी मागावयास येतात तेव्हा तो तुरुंग व दरिद्रगृहे चालू आहेत ना, असे विचारतो. गरीब मेले तर जादा लोकसंख्या तेवढीच कमी होईल, असेही म्हणतो. हे एका विक्षिप्त म्हाताऱ्याचे बोलणे नव्हे. सभ्य, कर भरणाऱ्या, कायदा पाळणाऱ्या समाजाचे ते मत होते. स्क्रूज चोर नाही, जुगारी नाही, मद्यपी नाही. त्याच्या वह्या चोख आहेत. म्हणूनच तो आपल्या सभासदांच्या व आपल्याही फार जवळचा आहे.

मेलेल्यांतून आलेला मनुष्य

नाताळच्या आदल्या रात्री स्क्रूजला त्याचा सात वर्षांपूर्वी वारलेला भागीदार मार्ले दिसतो. त्याच्या अंगाभोवती साखळी आहे. ती पैशाच्या पेट्या, किल्ल्या, कुलपे, खातेवह्या व दस्तऐवज ह्यांची बनलेली आहे. भुताखेतांची गोष्ट मंडळीत का दाखवावी, असा आक्षेप काही धर्मशिक्षक घेतात. जेथे भुतांचे भय अद्याप लोकांच्या मनातून गेलेले नाही तेथे हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नव्हे. परंतु त्याहून गंभीर आक्षेप खुद्द शास्त्रातून निघतो.

प्रभूच्या दाखल्यात यातनेत पडलेला श्रीमंत मनुष्य आपल्या पाच भावांकडे लाजराला पाठविण्याची विनंती करतो. अब्राहाम ती नाकारतो. मोशे व संदेष्टे त्यांच्याजवळ आहेत. त्यांचे जे ऐकत नाहीत ते मेलेल्यांतून कोणी उठून गेला तरी मानणार नाहीत, असा त्याच्या उत्तराचा आशय आहे. मग डिकन्सने मार्लेला पाठविले, आणि स्क्रूज तर पालटला. ही कथा प्रभूच्या वचनाच्या उलट साक्ष देते काय?

कथा लक्षपूर्वक वाचणाऱ्याला ह्याचे उत्तर तिच्यातच सापडते. मार्लेला पाहून स्क्रूज घाबरतो, पण पालटत नाही. प्रथम तो हा सारा न पचलेल्या अन्नाचा परिणाम ठरवितो. भूत निघून गेल्यावर नाताळाला थोतांड म्हणण्याची आपली जुनी सवय तो पुन्हा चालवू पाहतो. शब्द अर्धाच तोंडातून निघतो, आणि तो अंथरुणावर पडून झोपी जातो. मेलेल्यांतून आलेल्या मनुष्याचे फळ एवढेच : अर्धा राहिलेला एक शब्द. अब्राहामाचे म्हणणे डिकन्सच्या कथेतही खरे ठरते. मार्ले तारण आणीत नाही. पुढे तिघे येणार आहेत, एवढे सांगून तो जातो.

जाण्यापूर्वी तो दोन गोष्टी बोलून जातो, त्या नाटिकांत क्वचितच ऐकू येतात. हयातीत आपला आत्मा पेढीच्या पलीकडे कधी गेला नाही, हे त्याचे पहिले दुःख. मागी लोकांना एका गरिबाच्या निवाऱ्याकडे नेणारा तारा आपण कधी मान वर करून पाहिला नाही, आणि म्हणून त्याने आपल्याला कोणत्याही गरीब घराकडे नेले नाही, हे दुसरे. खिडकीबाहेर तर आणखी भयंकर देखावा आहे : पायरीवर तान्हे मूल घेऊन बसलेल्या एका बाईला साहाय्य करण्यासाठी मृतांच्या छाया तळमळत आहेत आणि त्यांना काहीही करता येत नाही. दाखल्यातील मोठी दरी हीच होय. वेळ होती तेव्हा इच्छा नव्हती. इच्छा झाली तेव्हा वेळ गेली.

स्क्रूजला काय दाखविले जाते

पुढील तीन आत्म्यांचे कार्य मोशे व संदेष्टे ह्यांच्याच कार्यासारखे आहे : आठवण देणे, शेजारी दाखविणे, न्यायाची वार्ता सांगणे. त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. उपदेशक पुष्कळदा शेवटच्या आत्म्यावर व थडग्याच्या दगडावर भर देतात, आणि ऐकणाऱ्याला वाटते की मनुष्य मरणाच्या भयाने सुधारला. वस्तुस्थिती तशी नाही. भय शेवटी येते. पालट आठवणीपासून सुरू होतो.

पहिला आत्मा स्क्रूजला त्याच्या शाळेत नेतो. सुट्टीत सगळी मुले घरी गेली आहेत आणि एक दुर्लक्षित मुलगा एकटाच बसला आहे. त्या मुलाला पाहून स्क्रूज रडतो, आणि लगेच त्याला आदल्या सायंकाळी आपल्या दाराशी गाणे म्हणणारा, आपण हाकलून लावलेला मुलगा आठवतो. मग त्याचा तरुणपणीचा धनी फेझिविग दिसतो. थोड्या पैशांच्या खर्चात नोकरांना आनंदी ठेवणारा तो मालक पाहून स्क्रूजला आपल्या कारकुनाशी दोन शब्द बोलावेसे वाटतात. स्वतःच्या दुःखाची आठवण होताच दुसऱ्याचे दुःख दिसू लागते. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात मोशे हीच वाट दाखवितो : मजुराची मजुरी सूर्यास्तापूर्वी देण्याची आज्ञा आणि मिसर देशातील दास्याची आठवण तेथे एकाच अध्यायात आली आहेत.

दुसरा आत्मा त्याला कारकून बॉब क्रॅचिटच्या घरी नेतो. येथे लाजराचा दाखला पुन्हा आठवावा. श्रीमंत मनुष्याने लाजराला मारहाण केली असे प्रभू सांगत नाही. लाजर दाराशी पडून होता आणि श्रीमंताचे जेवण चालू होते, एवढेच सांगतो. स्क्रूजच्या पेढीत बॉब शेजारच्या कोंदट खोलीत बसतो, आणि त्याच्यावर नजर राहावी म्हणून मधले दार उघडे ठेविलेले असते. कोळशाची पेटी मालकाच्या खोलीत असल्यामुळे बॉबच्या शेगडीत जेमतेम एक निखारा दिसतो. म्हणजे स्क्रूज आपल्या लाजराकडे दिवसभर पाहत होता. त्याचा हात लिहितो की नाही हे त्याने रोज पाहिले; त्याच्या घरी सहा मुले आहेत, त्यांतील एक पांगळे आहे, हे कधी पाहिले नाही. पाहणे व देखरेख ह्यांतील हा भेद प्रत्येक अधिकाऱ्याने, मग तो पेढीचा असो की मंडळीचा, विचारात घ्यावा असा आहे.

पांगळा टायनी टिम जगेल काय, असे स्क्रूज कळवळून विचारतो तेव्हा आत्मा त्याचेच जादा लोकसंख्येविषयीचे शब्द त्याला ऐकवितो. पुढे त्या आत्म्याच्या झग्याखालून दोन हडकुळी मुले बाहेर येतात. मुलाचे नाव अज्ञान, मुलीचे दारिद्र्य. त्यांना कोठे आश्रय नाही काय, असे विचारताच तुरुंग व दरिद्रगृहे यांविषयीचा त्याचाच प्रश्न त्याच्या पदरात पडतो. ही संदेष्ट्यांची पद्धत आहे. नाथानाने दावीदाकडून निकाल वदवून घेतला आणि मग तो मनुष्य तूच, हे त्याला दाखविले. त्याचप्रमाणे येथे अपराध्याच्याच तोंडचे शब्द त्याचा न्याय करतात.

कथेतील ख्रिस्त व कथेतील मंडळी

आता एक उणीव स्पष्टपणे सांगितली पाहिजे. नाताळच्या ह्या कथेत ख्रिस्तजन्माचे वर्णन नाही, आणि वधस्तंभ तर नाहीच. ख्रिस्ताचा निर्देश येतो तो आडवाटेने : मार्लेच्या तोंडी ताऱ्याचा उल्लेख, लंगड्यांना चालविणारा व आंधळ्यांना दृष्टी देणारा कोण होता हे लोकांना उपासनेत आपल्याकडे पाहून आठवावे, ही टायनी टिमची इच्छा, आणि भविष्याच्या दृश्यात टिमच्या मरणानंतर त्या घरात वाचला जाणारा, प्रभूने बालकाला शिष्यांच्या मध्ये उभे केल्याचा शास्त्रभाग. डिकन्सने १८४६ ते १८४९ ह्या काळात आपल्या मुलांसाठी प्रभूचे चरित्र लिहिले. ते १९३४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातही भर आहे तो प्रभूच्या दयेवर व उदाहरणावर. ही कथा शुभवर्तमानाची जागा घेऊ शकत नाही. व्यासपीठावरून ती तशी वापरली गेली तर दोष कथेचा नव्हे, वापरणाऱ्याचा होय.

तथापि कृपेचा एक अंश तिच्यात आहे. ही संधी स्क्रूजने मागितलेली नाही. ती त्याच्यासाठी दुसऱ्याने मिळविली आहे. आणि सकाळी जागा झाल्यावर तो गुडघे टेकून आभार मानतो. केवळ निश्चयाच्या बळावर सुधारलेल्या मनुष्याचे हे चित्र नव्हे.

मंडळीविषयी मात्र कथा कठोर आहे. लंडनच्या गरिबांच्या घरी भट्टी नसे. ते आपले जेवण रविवारी व नाताळाला भाजून घेण्यासाठी पाववाल्याच्या दुकानी नेत. शब्बाथ पाळण्याच्या नावाखाली ही दुकाने बंद करविण्याचे प्रयत्न १८३० नंतरच्या दशकात पार्लमेंटात झाले, आणि डिकन्सने १८३६ मध्येच टोपणनावाने त्यांविरुद्ध पुस्तिका लिहिली होती. कथेत स्क्रूज ह्या बंदीचा दोष आत्म्याला देतो तेव्हा आत्मा तो झिडकारतो : आमचे नाव घेऊन गर्व, द्वेष व स्वार्थ यांची कृत्ये करणाऱ्यांना आम्ही ओळखत नाही, अशा अर्थाचे त्याचे उत्तर आहे. प्रभू, प्रभू म्हणणाऱ्यांना मिळालेले उत्तर येथे वाचकाला आठवल्याशिवाय राहत नाही. भक्तीचा नियम करताना त्या नियमाने कोणाची चूल विझते, हा प्रश्न आपल्या सभांतही विचारला जावा.

मागील बाकी

पालटलेला स्क्रूज काय करतो? तो क्रॅचिटच्या घरी आपले नाव न कळविता मोठा टर्की पक्षी पाठवितो. हे सर्वांच्या लक्षात राहते. त्यानंतर रस्त्यात वर्गणीवाला गृहस्थ भेटतो. स्क्रूज त्याच्या कानात एक आकडा सांगतो आणि त्या रकमेत पुष्कळशी मागील बाकी धरली आहे असे कळवितो. कथेचे मर्म आम्हांला ह्या ठिकाणी दिसते. स्क्रूज हिशेबी मनुष्य आहे आणि पश्चात्तापानंतरही हिशेबीच राहतो. फरक एवढाच की आता खात्यात स्वतःचे नाव देणेकऱ्यांच्या बाजूला आहे. दानाला तो दान म्हणत नाही, बाकी म्हणतो.

येथे जक्कयाची आठवण होते. यरीहोच्या त्या जकातदाराने दोन वेगळी खाती मांडली : अर्धे धन गरिबांस, आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट. एक दान, दुसरी भरपाई. दान कोणासही देता येते. भरपाई मात्र ज्याचे घेतले त्यालाच द्यावी लागते. ह्या कसोटीवर स्क्रूजचा हिशेब पुरा उतरत नाही. मागील बाकी तो धर्मादाय निधीत भरतो. बॉबचा पगार वाढवितो, शेगडीत कोळसा घालण्यास सांगतो, टिमला दुसऱ्या पित्यासारखा होतो. परंतु हे सर्व पुढचे आहे. बॉबला आठवड्यास १५ शिलिंग मिळत. नाताळच्या एका दिवसाची पगारी सुट्टीदेखील मालकाला आपला खिसा कापल्यासारखी वाटे. गेल्या वर्षांत कमी दिलेल्या मजुरीचे काय, हे कथा सांगत नाही. ज्या पुस्तकात हा बॉब आहे त्याची किंमत ५ शिलिंग होती, म्हणजे त्याच्या आठवड्याच्या मजुरीचा तिसरा हिस्सा. कथा लिहिली गेली ती बॉबविषयी. विकत घेतली ती मुख्यतः त्याच्या मालकांनी.

आणखी एक जोडपे ह्या कथेत आहे. भविष्याच्या दृश्यात ते स्क्रूजच्या मरणाची बातमी ऐकून सुटकेचा श्वास टाकते, कारण कर्जफेडीला थोडा अवधी मिळणार असतो. स्क्रूज जिवंत राहिला. मग त्या कर्जदारांचे काय झाले? स्क्रूजने शब्दाहून अधिक केले असे लेखक मोघमपणे म्हणतो, पण हे जोडपे शेवटच्या भागात कोठेच येत नाही. ऋण सोडण्याविषयी प्रभूने शिकविलेली प्रार्थना रोज म्हणणाऱ्या वाचकाला ही जागा रिकामी वाटते.

ह्यापुढचा प्रश्न अधिक व्यापक आहे. बॉबचे भाग्य सर्वस्वी मालकाच्या हृदयावर अवलंबून आहे. हृदय पालटले नसते तर टिम मेला असता, असे कथाच सांगते. परंतु मालकाचे मन वळेपर्यंत मजुराने थांबावे, असे नियमशास्त्र म्हणत नाही. लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात मजुरी रात्रभर ठेवण्यासही मनाई आहे, आणि याकोबाच्या पत्रात अडकविलेली मजुरीच ओरडत आहे. इंग्लंडातही सुधारणा केवळ हृदयपालटाने झाली नाही. लॉर्ड ॲश्ली ह्या भाविक गृहस्थाच्या खटपटीने १८४२ च्या कायद्याने स्त्रियांना व १० वर्षांखालील मुलग्यांना खाणीत जमिनीखाली कामाला लावणे बंद झाले, आणि १८४७ मध्ये कारखान्यांतील स्त्रिया व अल्पवयीन मुले यांच्या कामाला दिवसाला १० तासांची मर्यादा पडली. झग्याखालील त्या दोन मुलांना टर्की पक्ष्याचा उपयोग नव्हता. त्यांना कायदा व शाळा हवी होती. डिकन्सला हे ठाऊक होते, म्हणून तर ती मुले कथेत आली. पण कथेचा शेवट त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.

आमच्या व्यासपीठावर

एवढे दोष दाखवूनही ही कथा नाताळात सांगितली जावी असेच आमचे मत आहे. मात्र ती पुरी सांगावी. नाटिका बसविणाऱ्या धर्मशिक्षकांनी मार्लेच्या साखळ्यांचा आवाज थोडा कमी करावा आणि ताऱ्याविषयीचे त्याचे दुःख गाळू नये. वर्गणीवाल्याच्या कानातील आकड्याचा प्रसंग लहान असला तरी ठेवावा. आणि शेवट जेवणाच्या पंक्तीवर न करता दुसऱ्या दिवशीच्या पेढीवर करावा, कारण मूळ कथेतही पगार वाढतो तो २६ डिसेंबरला, कामाच्या दिवशी.

उपदेशकांनी ह्या कथेसोबत लूकाचा एकोणिसावा अध्याय वाचावा आणि दान व भरपाई ह्यांतील भेद सभासदांना समजावून द्यावा. घरकामाची बाई, शेतावरील गडी, दुकानातील पोऱ्या ह्यांच्या मागील मजुरीचा विचार नाताळच्या भेटवस्तूपूर्वी व्हावा, हे सांगण्यास संकोच करू नये. आणि हा उपदेश आपल्याच घरापासून सुरू व्हावा. जेथे मंडळीच्या शाळेतील शिपाई, मंदिर झाडणारी बाई किंवा खेड्यापाड्यांत हिंडणारा धर्मशिक्षक अल्प मानधनावर, किंवा तेही महिनोन्‌महिने थकलेले असताना राबत असेल, तेथे व्यासपीठावरून स्क्रूजला नावे ठेवणे शोभणारे नाही. सेवा ही अर्पण आहे, हे खरे. पण अर्पण देणाऱ्याच्या इच्छेने होते, घेणाऱ्याच्या चालढकलीने नव्हे.

जक्कयाच्या घरी तारण आल्याचे प्रभूने सांगितले ते त्याच्या घोषणेनंतर. ती भरपाई तारणाची किंमत नव्हती. तारण त्या घरात शिरल्याची खूण होती. आमच्या पाळकबंधूंनी व पंचांनी यंदा नाताळच्या कार्यक्रमाची यादी करण्याआधी मंडळीची पगारवही एकदा उघडावी, आणि तीत कोणाची मागील बाकी राहिली असल्यास ती सणापूर्वी चुकती करावी, एवढी आमची विनंती आहे.